ज्याचं रक्त, त्याची थुंकी

आई, अंगणातली विहीर आता राहिली नाही. तू गेल्यावर काही वर्षांत तिचं पाणी खोल गेलं, मग आटलं, आणि शेजारच्यांचं वासरू पडायला नको म्हणून आम्ही तिच्यावर सिमेंटची फरशी घातली. आता त्या फरशीवर तुळशीची कुंडी आहे आणि कपडे वाळत घालायच्या दोरीचा खांब आहे. पाणी बोअरमधून गच्चीवरच्या काळ्या टाकीत चढतं आणि तिथून नळाला येतं. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढं जे सांगायचं आहे त्यात पाणीच पाणी आहे, आणि तू माझ्यावर रागावशील तेव्हा एवढं ध्यानात असू दे की माझ्यापाशी तुझी विहीर नव्हती. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, हे तूच म्हणायचीस.

तुला ही अक्षरं वाचता येत नव्हती, तेही मला ठाऊक आहे. तू वाचायचीस तमिळ आणि बोलायचीस आपली मराठी, तीही अशी की तिकडून महाराष्ट्रातून कोणी तंजावूरचा राजवाडा बघायला आलं तर तुझं बोलणं ऐकून गालात हसायचं. मी हिंदीच्या परीक्षा देता देता ही अक्षरं शिकले, पुढं हिंदीच्या शिकवण्या घेत म्हातारी झाले, आणि मधेच कधीतरी मराठी पुस्तकं मागवून वाचायची खोड लागली. म्हणून हे असं पुस्तकी लिहिते आहे. तुझ्याशी बोलायचं तर असं बोलले नसते. पण या अक्षरांचा एक फायदा आहे. तुझ्या नातीला मराठी सगळी कळते, मोडकीतोडकी बोलतेही, वाचता मात्र येत नाही. तेव्हा मी तिच्या खाटेशेजारीच बसून, औषधांच्या डब्यावर कागद टेकवून लिहिते आहे. मघाशी तिनं विचारलं, काय लिहितेस. मी म्हटलं, शिकवणीचं. तिनं डोळे मिटले.

ती आजारी आहे, आई. जिला तू मांडीवर बसवून सुईत दोरा ओवायला शिकवलंस, ती. तू गेलीस तेव्हा परकर घालून फिरत होती, आता कानशिलावर पांढरे केस आले आहेत. लग्न केलं नाही. तिरुवैयारुला शाळेत गणित शिकवायची, रोज सकाळी मोपेडवरून कावेरीचा पूल ओलांडून जायची आणि संध्याकाळी येताना माझ्यासाठी मोगरा आणायची. हे गेल्यापासून घरात आम्ही दोघीच. मागच्या दिवाळीच्या सुमारास तिच्या पोटऱ्यांवर निळे डाग उठले. कुठं आपटलीस विचारलं तर म्हणाली, कुठंच नाही. मग दात घासताना हिरड्यांतून रक्त येऊ लागलं, मग नाकातून. डॉक्टरनी मोठमोठे शब्द सांगितले. मी ते तमिळमध्ये ऐकले आणि बसमध्ये बसून मनातल्या मनात मराठीत आणले, तेव्हा हातात एवढंच उरलं की हाडांच्या आत रक्त तयार होतं ते हिच्यात थांबत चाललं आहे, आणि जे आहे ते गोठायचं विसरलं आहे. माझ्या हाडांतली मज्जा द्यायची तयारी होती. माझं वय आणि माझं साखरेचं दुखणं पाहून ते नको म्हणाले. तिला पाठची भावंडं नाहीत. मग दुसऱ्यांच्या रक्ताच्या पिशव्या चढवायला सुरुवात झाली.

तेव्हापासून माझी पहाट तुझी पहाट झाली. उजाडायच्या आधी उठते, कारण टाकीतलं पाणी तेवढ्याच वेळी गार असतं. तिला हाताला धरून न्हाणीत नेऊन बसवते आणि ती चूळ भरेपर्यंत चादर आणि मोठ्या उशीचा अभ्रा काढून घेते. बादलीत गार पाणी, त्यात मूठभर मीठ. कापड उलटं धरायचं आणि पाणी डागाच्या मागून सोडायचं, म्हणजे रक्त आलं त्याच वाटेनं परत जातं. चोळायचं नाही, दाबायचं. साबण सगळ्यात शेवटी. डाग पुरता जाईपर्यंत कापडाला ऊन दाखवायचं नाही. गादीपर्यंत उतरलं असेल तर सावरीच्या कापसाला पाणी लावायचं नाही, गोळे होतात. तांदळाचं पीठ आणि मीठ गार पाण्यात कालवून डागावर थापायचं, वाळलं की काथ्यानं झाडायचं, पुन्हा थापायचं. यातलं एकही अक्षर मी कुठं वाचलेलं नाही, सगळं तुझं आहे. ती न्हाणीतून येते तेव्हा खाटेवर पांढरंशुभ्र अंथरूण असतं. माझं म्हणणं एवढंच होतं की आपलं किती रक्त जातं ते तिला दिसू नये.

तू मला आठवतेस ती तिण्णैवरची. दारापुढच्या त्या ओट्यावर लाल, पांढरं, हिरवं, पिवळं कापड पसरलेलं आणि तू मधोमध पाय लांब करून बसलेली. देवळाच्या रथाला चारी बाजूंनी लोंबतात ती लांब, गोल कापडी तोरणं, तोंबै, ती आपल्या घरात शिवली जायची. एका रंगाच्या कापडावर दुसऱ्या रंगाचं कमळ, पोपट, देवळाच्या खांबावरची सिंहासारखी याळी कापून लावायची आणि कडेनं बारीक टाके घालत जायचं. अप्पा मशीनवर, तू हातसुईवर. सुई बोटात जायची आणि पांढऱ्यावर टिपका पडायचा. देवाच्या कापडावर रक्त पडलं की ते बाद. एकदा देवळातून न्यायला आलेल्या माणसानं असं एक तोंबै दारातूनच परत केलं होतं, तेव्हा अप्पा जेवले नव्हते. म्हणून मग मी तुला ते करताना पाहिलं. तू इकडंतिकडं बघितलंस, रिळाचा पांढरा दोरा तोडून तोंडात टाकलास, पान चघळावं तसा चघळलास आणि त्याची ओली गोळी त्या टिपक्यावर दाबून धरलीस. उचललीस तेव्हा गोळी गुलाबी आणि कापड पांढरं.

“आई, देवाच्या कापडास उष्टं लावलंस,” मी म्हटलं.

“रक्त दिसतं गे, उष्टं दिसत नाही,” तू म्हणालीस. “बोलू नोको कोणापाशी.”

मग काही दिवसांनी माझ्याच बोटात सुई गेली. मी कापड तुझ्यापुढं धरलं, तुझी थुंकी लाव म्हणून. तू रीळ उचललंस आणि दोरा माझ्या तोंडात कोंबलास. “माझी चालत नाही तुज. ज्याचं रक्त, त्याची थुंकी.” किती सहज म्हणालीस ते. मला ते तेव्हा गमतीचं वाटलं होतं, शाळेत मैत्रिणींना सांगितलं होतं, आणि त्यांनी शी म्हणून तोंडं वाकडी केली होती. त्याच ओट्यावर, तुझ्या शेवटच्या वर्षांत, तू तुझ्या नातीलाही तेच शिकवलंस. ती तर दोरा चघळायला मिळावा म्हणून मुद्दाम बोट टोचून घ्यायची आणि तू तिच्या पाठीत धपाटा घालायचीस.

अप्पांच्या रक्ताला तुझी थुंकी चालणार नव्हती, म्हणून विहीर होती. त्यांना खोकला लागला तेव्हा मी शाळकरी होते. आम्हाला सांगितलं होतं की कापडाची धूळ छातीत गेली आहे, कषाय घेतलं की बरं होईल. त्यांचा जमखाना माजघरात वेगळा अंथरलेला, भांडं वेगळं, आणि रोज पहाटे रहाटाचा आवाज. तू सावकाश ओढायचीस, कुरकुर होऊ नये म्हणून रहाटाच्या कण्याला तेल घालून ठेवायचीस, तरी तो वाजायचाच. मी पांघरुणात जागी असते. पाणी ओतल्याचा आवाज येतो, कापड दगडावर न आपटता नुसतं दाबल्याचा आवाज येतो. सकाळी अप्पांचं अंथरूण पांढरं असतं, तू चुलीपाशी असतेस, तुझे हात गार असतात. मला सगळं ठाऊक होतं, आई. अप्पांनाही ठाऊक होतं की मला ठाऊक आहे. एकदा खोकला आल्यावर पंचा तोंडाला लावून त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि पंचा घडी करून मांडीखाली घातला, वर माझ्याकडं बघून डोळे मिचकावले. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. आपल्या घरात सगळेच मुठी झाकून बसलेले असायचे, आणि आत काय आहे ते प्रत्येकाला माहीत असायचं.

नातीच्या बारशाला तू एक लहान उशी आणलीस. सावरीच्या कापसाची, तळहाताएवढ्या डोक्यासाठी केलेली, आणि तिला पांढरा अभ्रा. अभ्र्यावर तोंबैच्या कातरणातला हिरवा पोपट, लाल चोचीचा. देवाच्या कापडातलं उरलेलं घरात वापरू नये म्हणतात, तू ते कातरण कसं ठेवून घेतलंस कोण जाणे. बारशाला आलेल्या बायकांनी विचारलं तेव्हा तू म्हणालीस, देवाचंच लेकरू आहे, देवाचं कापड चालतं तिला. ती उशी तिनं आयुष्यभर सोडली नाही. वसतिगृहात नेली, हॉस्पिटलात नेली. कापूस दबून पार पापडासारखा झालाय, पण गालाखाली तीच लागते. आजारात मी चादर, मोठ्या उशीचा अभ्रा रोज धुवायचे, पोपटाच्या उशीला मात्र ती हात लावू द्यायची नाही. “नोको अम्मा, पोपटाचा रंग जाईल,” म्हणायची. खरंच होतं, जुना रंग. आणि पोपट रोज सकाळी वर बघत असायचा, स्वच्छ, म्हणून मीही आग्रह केला नाही.

फाल्गुनापासून चादरीवरचे डाग लहान होऊ लागले. पहिल्यांदा मला वाटलं, भास असेल. मग एक सकाळ अशी आली की मोठ्या उशीवर नखाएवढा एकच डाग. मी तो बघत उभी राहिले. तू मला ओळखतेस, मी देवापुढं फारशी झुकणारी नाही, पण त्या दिवशी मी न सांगता रिक्षा करून देवळात गेले आणि तुपाचा दिवा लावला. डॉक्टरना सांगितलं, डाग कमी झालेत. ते म्हणाले, आकडे तसं सांगत नाहीत. मी मनात म्हटलं, तुमचे आकडे राहू देत, चादर मी धुते. मी तिच्यासाठी पुन्हा वांग्याची गोत्सु केली, तिला आवडते तशी आंबट. तिनं दोन घास खाल्ले आणि छान झाली म्हणाली. ते दिवस फार बरे गेले, आई. इतके बरे दिवस मला परत मिळणार नाहीत.

मग कत्तिरीचं ऊन पडलं. तुला सांगायला नको, वैशाखातल्या त्या दिवसांत तंजावूर कसं भाजतं. तिची कॉलेजातली मैत्रीण कुंभकोणमहून भेटायला येणार होती, दुपारच्या बसनं. हिनं केस विंचरून घेतले, कपाळाला टिकली लावली. उठून बसली आणि तेवढ्यानं नाकातून धार लागली. समोर मांडीवर पोपटाची उशी होती, रक्त थेट पोपटावर. इतके महिने कधी आवाज न चढवणारी पोर ओरडली, “अम्मा, पोपट.” मी तिच्या नाकाला ओलं फडकं लावून मान पुढं करून बसवलं, उशीचा अभ्रा ओढून काढला आणि मोरीकडं धावले. ताजा डाग आहे, आत्ता पाण्याखाली धरला तर निघेल, एवढंच डोक्यात. नळ सोडला. अभ्रा उलटा करून मागच्या बाजूनं पाणी सोडायला गेले आणि मागची बाजू मला पहिल्यांदाच दिसली.

सगळी तपकिरी होती. एकावर एक, एकावर एक डाग, जुने, कडा काळ्या पडलेले, मधे कुठं कुठं फिकट गोल, कोणीतरी पुसायचा प्रयत्न केलेले. आणि अभ्र्याच्या कोपऱ्यातून मोरीत काहीतरी पडलं. पांढऱ्या दोऱ्याच्या गोळ्या. चघळलेल्या, वाळलेल्या, लालसर. मी त्या बघत राहिले. रोज रात्री तोंडातून नाकातून येणारं ती त्या लहान उशीत जिरवत होती आणि पहाटे मी यायच्या आधी ती पालथी घालून पोपट वर करत होती. चादरीवर सांडलंच तर दोरा चघळून जमेल तितकं टिपत होती. माझे डाग लहान होत होते ते असे. बोटं भाजली तेव्हा कळलं की नळाला आंघोळीच्या पाण्यासारखं कढत पाणी आहे. भर दुपार, गच्चीवर काळी टाकी. मला नळ म्हणजे गार पाणी अशी पहाटेची सवय होऊन बसली होती. पोपटावरचा ताजा डाग माझ्या डोळ्यांदेखत लालाचा तपकिरी झाला आणि कापडात बसला.

मैत्रीण आली, कॉफी प्यायली, रडली, गेली. मग मी खाटेवर बसले. दोऱ्याची एक गोळी तळहातावर ठेवून तिच्यापुढं हात केला. मला वाटलं होतं मी तिला रागावेन. काय बोलायचं तेही ठरवलं होतं.

तिनं गोळी बघितली आणि हसली. “आज्जीची युक्ती चालत नाही अम्मा,” म्हणाली. “मज वाटलं थुंकी कमी पडली. मग कळलं, हे माझं रक्तच नव्हे की. ओरत्तनाडूचा कोण की कॉलेजातला मुलगा असेल रक्त दिलेला, त्याचं. त्यास बोलव, येऊन थुंक म्हणून सांग.”

मी म्हटलं, “मज सांगायचं होतंस.”

“तू पहाटे नळ सोडतेस ते मज ऐकू येतं,” ती म्हणाली. “तुज बरं वाटत होतं. गोत्सु केलीस. काय म्हणून सांगू?” मग म्हणाली, “आणि थुंकी तरी कुठं असे अत्तं. तोंडात दोरा घातला तर तोच लाल होऊन येतो.”

आई, तू असतीस तर काय म्हणाली असतीस? तुझ्याकडं प्रत्येक गोष्टीला एक उत्तर असायचं, बहुतेक वेळा तुटक आणि बहुतेक वेळा बरोबर. मी तिचे पाय चेपत बसले आणि ती झोपली.

त्या अभ्र्यासाठी मी जे केलं ते ऐकशील तर हसशील. मिठाच्या पाण्यात भिजवला, दिवसभर, बर्फ टाकून. तांदळाच्या पिठाचा लेप लावला. लिंबू लावलं, सोडा लावला, रिठ्याच्या फेसात ठेवला. औषधाच्या दुकानातून जखमा धुवायचं ते फेसाळणारं पाणी आणलं. ते टाकल्यावर डागावर बारीक बुडबुडे आले, मला वाटलं आता निघतंय. फेस ओसरला तेव्हा डाग होता तसाच आणि पोपटाची पाठ हिरव्याची पिवळी झाली होती. पालथ्या घड्यावर पाणी. एकदा चोळले, तू चोळू नको म्हणायचीस ते, दोन्ही हातांनी, रागानं, आणि चोचीचे टाके उसवले. तुझे टाके. चाळीस वर्षांच्या उंबऱ्याला आलेले, देवाच्या दोऱ्यानं घातलेले. तेव्हा मी मोरीच्या कट्ट्यावर बसून खूप रडले. लेकीसाठी मला इतके महिने असं रडता आलं नव्हतं, तुझ्या पोपटासाठी आलं.

आता अभ्रा परत तिच्या उशीला घातला आहे. डागासकट. तिनंच मागितला. “परवाइल्ले अम्मा,” म्हणाली, म्हणजे असू दे. आता ती उशी पालथी घालत नाही आणि मी तिला न्हाणीत घाईनं नेत नाही. हॉस्पिटलातून सांगितलं आहे की आता पिशव्या चढवून उपयोग नाही, चढवलेलं अंगात राहत नाही, घरी शांत ठेवा. शांत ठेवा म्हणणारा डॉक्टर तिच्याच शाळेत शिकलेला, तिच्या हातचा मार खाल्लेला. तो हे सांगताना माझ्याकडं बघतच नव्हता. मी त्याला धीर दिला, बघ. घरी आल्यावर वाटलं, मला कोण देणार.

मला तुला एक विचारायचं होतं, त्यासाठी एवढं लिहीत आले. अप्पा गेले त्याच्यानंतरची गोष्ट. तेरावं झालं, पाहुणे गेले, जमखाना जाळला, भांडं टाकलं. दुसऱ्या पहाटे मला रहाट ऐकू आला. मी उठून मागच्या दारी आले. तू विहिरीपाशी बसली होतीस, बादलीत मीठ टाकलेलं, आणि अप्पांची पांढरी चादर तू उलटी धरून मागून पाणी सोडत होतीस. दाबत होतीस, पुन्हा पाणी सोडत होतीस. चादर स्वच्छ होती. मी म्हटलं, “आई, ती धुतलेलीच असे की. काही नाही तिच्यावर.” तू मान वर न करता म्हणालीस, “तुज काय कळतं. जा, वेणी घाल.” इतक्या तुसडेपणानं तू माझ्याशी कधी बोलली नव्हतीस. मी आत गेले, वेणी घातली, शाळेत गेले, आणि तू पुढं किती दिवस ती चादर धूत होतीस ते मी बघायला आले नाही. कोणत्या दिवशी थांबलीस? कशी थांबलीस? त्या पहाटे उठून हातांना काय सांगितलंस? डाग कसा काढायचा ते तू मला सगळं शिकवलंस, पण डागच नसेल त्या सकाळी काय करायचं ते नाही शिकवलंस. आणि आता कोणाला विचारू.

हा कागद कुठं पाठवायचा नाहीच. पाठवणार तरी कुठं, आणि पाठवला तरी तुला वाचता येणार नाही. घडी करून तुझ्या सुयांच्या डब्यात ठेवेन, तिथं आता नुसता गंज आहे. फक्त एक सांगून टाकते, कारण हे मी तमिळमध्ये कोणाला सांगू शकत नाही आणि मराठीत सांगायला दुसरं कोणी उरलेलं नाही.

आज पहाटे मी उठले तेव्हा ती फार गप्प झोपली होती. नेहमी श्वासाला एक घरघर असते, ती ऐकू येत नव्हती, की पंख्याच्या आवाजात कळत नव्हती. मला तिच्या नाकाशी हात न्यायचा धीर होईना. मी बादली भरून आणली, मीठ टाकलं, आणि उशीपाशी वाकून अंधारात हातानं चाचपलं. अभ्रा ओला होता. ओला आणि कोमट, आत्ताच आलेल्या रक्ताचा.

मला किती बरं वाटलं, आई.